१८७३ : गुलामगिरीच्या अंताचे स्मरण आणि त्याची कथनरूपे

१

'गुलामगिरी संपली' हे विधान वरकरणी इतिहासाचे वाटते. प्रत्यक्षात ते कथनाचे विधान आहे. एखादी संस्था केव्हा सुरू झाली हे कागदपत्रांवरून पुष्कळदा ठरविता येते. ती केव्हा संपली हे सांगण्यासाठी मात्र निवेदकाला कोठे तरी थांबावे लागते, आणि कोठे थांबावे हा निर्णय कागदपत्रे देत नाहीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुरते पाहिले तरी अंताच्या तीन तारखा समोर येतात. लिंकनची मुक्तिघोषणा १ जानेवारी १८६३ ची आहे. टेक्ससमधील गॅल्व्हस्टन येथे संघराज्याच्या सेनापतीने गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला तो १९ जून १८६५ रोजी, आणि राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीस आवश्यक तेवढ्या राज्यांची मान्यता मिळाली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. पहिली तारीख राष्ट्राध्यक्षाची आणि तिसरी राज्यघटनेची आहे. मधली तारीख मात्र ज्यांच्यापर्यंत बातमी अडीच वर्षे उशिरा पोचली त्यांची आहे. टेक्ससमधील कृष्णवर्णीयांनी ती सण म्हणून जपली, आणि २०२१ मध्ये ती संघराज्याची सार्वजनिक सुट्टी झाली. यांपैकी कोणती तारीख निवडली जाते यावर स्मरणाचा नायक कोण हे ठरते.

या वादांकडे पाहताना मराठीतील तीन साधी वाक्ये उपयोगी पडतात : 'गुलामांना मुक्त करण्यात आले', 'गुलामगिरी संपली' आणि 'गुलामांनी स्वतःस मुक्त केले'. तिन्ही वाक्ये एकाच घटिताविषयी आहेत. कर्ता मात्र प्रत्येकात निराळा आहे. पहिले वाक्य मुक्तिदात्याच्या औदार्याचे. ब्रिटनमधील विल्बरफोर्सकेंद्री इतिहासलेखन दीर्घकाळ याच वाक्याच्या आधारे चालले. दुसरे वाक्य व्यवस्थेचे. एरिक विल्यम्स यांनी १९४४ साली 'कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी' या ग्रंथात गुलामगिरीच्या उच्छेदाचा संबंध वेस्ट इंडीजमधील साखरमळ्यांच्या घसरत्या अर्थकारणाशी जोडला. सेमूर ड्रेशर यांनी १९७७ साली या ऱ्हासाच्या प्रमेयालाच आव्हान दिले, आणि हा वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. तिसरे वाक्य गुलामांचे. ड्यू बॉइस यांनी १९३५ साली 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथात यादवी युद्धाच्या काळात मळे सोडून गेलेल्या लाखो गुलामांच्या कृतीला सार्वत्रिक संप म्हटले. सी. एल. आर. जेम्स यांनी १९३८ साली 'द ब्लॅक जॅकोबिन्स' मध्ये सेंट डोमिंगमधील गुलामांच्या उठावाला क्रांतीच्या इतिहासात स्थान दिले. या तीन वाक्यांत सरळ विरोध आहे असे मात्र नाही. विल्यम्स यांच्या अर्थशास्त्रीय ग्रंथाचे शेवटाकडील एक प्रकरण खुद्द गुलामांच्या प्रतिकाराविषयीच आहे. प्रश्न इतकाच, की सार्वजनिक स्मरणात यांतील कोणते वाक्य टिकते.

बहुधा पहिलेच टिकते. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली कायदा करून मळेवाल्यांना दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. गुलामांना काहीही मिळाले नाही. उलट १८३४ पासून १८३८ पर्यंत त्यांतील बहुसंख्यांना 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकांकडे राबावे लागले. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची अखेरची बाकी २०१५ साली फिटली. २०१८ साली ब्रिटिश अर्थखात्याने एका जाहीर संदेशात गुलामांचा व्यापार संपविण्यास करदात्यांनी हातभार लावल्याचे अभिमानाने सांगितले आणि टीका होताच तो मागे घेतला. त्या संदेशात पैसा देणारा होता, घेणारा नव्हता. कर्ता निवडला की बाकीची पात्रे कशी नाहीशी होतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

प्रस्तुत विवेचनासाठी १८७३ हे वर्ष मध्यवर्ती मानले आहे. याच वर्षी पुण्याचे जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील मुक्तिकार्याला अर्पण होऊन प्रसिद्ध झाले. याच वर्षी लुइझियानातील कोलफॅक्स येथे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले. आणि टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' (१९८७) या कादंबरीचा वर्तमानकाळही याच वर्षी सुरू होतो. एक अर्पणपत्रिका, एक स्मृतिफलक आणि एक कादंबरी यांना जोडणारे हे वर्ष योगायोगाचे असले, तरी त्यातून निघणारा प्रश्न योगायोगाचा नाही : अंत झाला असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

२

मुक्तिदात्याच्या कथेची एक दृश्य प्रतिमा आहे. १७८७ साली वेजवुडच्या कारखान्यात घडविलेल्या पदकावर साखळदंडाने जखडलेला, गुडघे टेकून हात जोडलेला गुलाम दिसतो. तो माणूसपणाची मान्यता मागतो आहे. पण ती मागण्यासाठीही त्याला गुडघे टेकावे लागतात. सुमारे नव्वद वर्षांनंतर, १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये अनावरण झालेल्या मुक्तिस्मारकात हाच आकृतिबंध परतला. टॉमस बॉल यांच्या या शिल्पात लिंकन उभा आहे, आणि बेड्या तुटलेला कृष्णवर्णीय त्याच्या पायाशी गुडघ्यावर आहे. या स्मारकाचा पैसा मुक्त झालेल्या गुलामांच्या वर्गणीतून उभा राहिला होता. शार्लट स्कॉट या पूर्वीच्या गुलाम स्त्रीने पहिले पाच डॉलर दिले. पण शिल्प कसे असावे हे ठरविण्याचा अधिकार गोऱ्यांच्या समितीकडे राहिला. स्मरणाचा खर्च एकाने करावा आणि स्मरणाचे रूप दुसऱ्याने ठरवावे, हा सत्तासंबंध या दगडधातूत कायमचा उमटला आहे.

अनावरणाचे भाषण फ्रेडरिक डग्लस यांनी केले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर बसलेले असताना डग्लस यांनी लिंकन हे मुख्यतः गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते, असे सांगितले. कृष्णवर्णीयांचे स्थान त्यांनी सावत्र अपत्याचे म्हटले. त्याच वेळी, राष्ट्राच्या तत्कालीन लोकमताच्या कसोटीवर लिंकनचे धाडस मोठे होते, हेही मान्य केले. या भाषणाचे साहित्यिक मोल त्याच्या दुहेरी स्वरात आहे. कृतज्ञतेच्या समारंभात उभे राहून कृतज्ञतेची मर्यादा सांगणे, हा स्तुतिपर भाषणप्रकाराचाच आतून केलेला भंग आहे. काही दिवसांतच त्यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून, कृष्णवर्णीय मनुष्य पशूसारखा वाकलेला नव्हे तर माणसासारखा ताठ उभा असलेले स्मारक पाहण्याची इच्छा व्यक्त केली. हे पत्र विस्मृतीत गेले होते. संशोधकांनी ते २०२० साली पुन्हा उजेडात आणले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमधील या शिल्पाची प्रतिकृती हलविण्यात आली; वॉशिंग्टनमधील मूळ शिल्प जागेवर ठेवण्यात आले. म्हणजे पुतळ्यांविषयीचा वाद ही आजच्या पिढीची अतिसंवेदनशीलता आहे, हा आक्षेप टिकत नाही. वाद पुतळ्याइतकाच जुना आहे. पुतळा दिसत राहिला आणि पत्र दिसेनासे झाले, एवढाच फरक.

अनावरणाच्या अठरा दिवस आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रुइकशँक खटल्याचा निकाल दिला होता, आणि तो खटला कोलफॅक्सचा होता. १८७२ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर कोलफॅक्सच्या न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. मृतांचा आकडा साठापासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. त्यांतील अनेकांना शरण आल्यानंतर मारण्यात आले. न्यायालयाने मात्र, घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचे संरक्षण राज्यसंस्थेच्या कृतींविरुद्ध आहे, खाजगी व्यक्तींच्या कृत्यांविरुद्ध नव्हे, अशी भूमिका घेऊन दोषी ठरलेल्यांची सुटका केली. एकीकडे मुक्तीचे स्मारक उभे राहत होते आणि दुसरीकडे मुक्तीचे कायदेशीर संरक्षण काढून घेतले जात होते.

कोलफॅक्सच्या स्मरणाचा पुढील इतिहास अधिक बोलका आहे. १९२१ साली तेथे मारल्या गेलेल्या तीन गोऱ्यांसाठी स्तंभ उभारण्यात आला. त्यावर गौरवर्णाच्या वर्चस्वासाठी लढणारे वीर म्हणून त्यांचा उल्लेख झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास लागलेल्या सरकारी फलकाने या हत्याकांडाला 'दंगल' म्हटले, आणि या घटनेने दक्षिणेतील उपऱ्यांच्या गैरकारभाराचा अंत झाल्याची नोंद केली. येथेही 'अंत' हाच शब्द आहे. संपली ती गुलामगिरी नव्हे, तर गुलामगिरीनंतरचे लोकशाहीचे पर्व. आणि फलकाचा निवेदक ते समाधानाने सांगतो. हा फलक २०२१ साली काढण्यात आला आणि १३ एप्रिल २०२३ रोजी, घटनेच्या दीडशेव्या वर्षी, मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांची नावे असलेले स्मारक उभे राहिले. दोन्ही स्मरणे तपशिलांवर आधारलेली आहेत. सरकारी फलकानेही मृत कृष्णवर्णीयांचा आकडा लपविला नव्हता. म्हणून तथ्य सांगितले की सत्य सांगितले, असे समीकरण येथे मांडता येत नाही. आकडा तोच ठेवून केवळ 'अंत' या शब्दाची जागा बदलली की कथेचा अर्थ उलटतो.

३

तथ्य आणि अर्थ यांच्या मालकीचा हा प्रश्न गुलामांच्या आत्मकथनांत प्रथमपासून आहे. डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनाला गॅरिसन या गोऱ्या मुक्तिवादी नेत्याची प्रस्तावना होती. काळ्या लेखकाच्या अनुभवाला गोऱ्या साक्षीदाराची हमी आवश्यक मानली जात होती. १८५५ च्या दुसऱ्या आत्मकथनात डग्लस सांगतात, की सभांमधून त्यांनी केवळ हकीकत सांगावी, तत्त्वचिंतन आपण पाहून घेऊ, असे सहकारी सुचवीत. या दुसऱ्या पुस्तकाची प्रस्तावना मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय वैद्याची आहे. दोन प्रस्तावनांमधील दहा वर्षांत साक्षीदार लेखक झाला, असे म्हणता येईल. हॅरिएट जेकब्स यांच्या वाट्याला हेही लवकर आले नाही. 'लिंडा ब्रेंट' या नावाने १८६१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मकथन दीर्घकाळ संपादिका लिडिया मारिया चाइल्ड यांची कल्पित रचना समजले जाई. ते जेकब्स यांचेच असल्याचे जीन फॅगन येलिन यांनी १९८० च्या दशकात पुराव्यानिशी दाखविले. अंताविषयी बोलण्याचा अधिकार मागण्याआधी, स्वतःची आठवण स्वतःची आहे हेच येथे सिद्ध करावे लागले.

'बिलव्हेड' या कादंबरीची भूमी हीच आहे. १८५६ साली मार्गारेट गार्नर या पळून आलेल्या गुलाम स्त्रीने, पकडले जाण्याच्या क्षणी, आपल्या मुलीला ठार केले. या प्रकरणाची त्या काळी वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. पण गार्नरच्या अंतर्मनाची नोंद कोणी केली नाही. मॉरिसन यांनी घटना घेतली आणि अंतर्मन रचले. कादंबरी घटनेपासून नव्हे, तर ती घडून अठरा वर्षे लोटल्यानंतर, १८७३ मध्ये सुरू होते, ही तिची निर्णायक कथनयुक्ती आहे. युद्ध, घोषणा, घटनादुरुस्ती हे सारे मागे पडले आहे. पण या घटनांपैकी एकही कादंबरीच्या रचनेत निर्णायक वळण ठरत नाही. सेथच्या घरात काळ पुढे सरकत नाही. तिच्या लेखी भूतकाळ हा मनातील व्यवहार नसून जागेला चिकटून राहिलेली वस्तू आहे. दुसरा कोणी त्या जागी गेला तर त्यालाही ती भेटू शकते. मेलेली मुलगी देह धारण करून दाराशी येते, ते अद्भुताच्या हौसेपोटी नव्हे. अंताची तारीख ज्यांना दिली गेली, पण अंत मिळाला नाही, त्यांच्या काळाचे ते वास्तववादी रूप आहे. शेवटच्या पानांवर, ही कथा पुढे द्यायची नाही की टाळून पुढे जायचे नाही, असे दोन्ही अर्थ देणारे विधान आवर्तनाने येते. स्मरण आणि विस्मरण यांतील निवड वाचकावर सोडून कादंबरी थांबते, संपत नाही.

कादंबरीवरील आक्षेपांची दखल घेतली पाहिजे. तिची अर्पणपत्रिका सहा कोटी आणि त्याहून अधिक मृतांना आहे. स्टॅनली क्राउच यांनी १९८७ साली या कादंबरीवर, ती ज्यूंच्या संहाराशी यातनांची स्पर्धा करते, असा घणाघाती आक्षेप घेतला. शिवाय अटलांटिक व्यापाराच्या जहाजनोंदींवर आधारलेल्या संशोधनानुसार सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन माणसे जहाजांवर चढविली गेली आणि सुमारे एक कोटी सात लाख पैलतीरी जिवंत उतरली. मग सहा कोटी कोठून आले, असा प्रश्न रास्त आहे. मात्र जहाजाची नोंदवही किनाऱ्यापासून सुरू होते. किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर, कोठड्यांमध्ये आणि माणसे पकडण्यासाठी केलेल्या लढायांत मेलेल्यांची गणना तीत नाही. अर्पणपत्रिकेतील आकडा संख्याशास्त्राचा निष्कर्ष म्हणून स्वीकारता येणार नाही. नोंदवहीच्या कक्षेबाहेर राहिलेल्यांकडे निर्देश करणारे चिन्ह म्हणून तो वाचला पाहिजे. सैदिया हार्टमन यांनी २००८ च्या एका निबंधात हाच पेच मांडला : दप्तरात जिचे केवळ नाव उरले आहे अशा गुलाम मुलीची कथा सांगणे आवश्यक आहे, आणि ती सांगता येणे अशक्यही आहे. या अशक्यतेची जाणीव ठेवणारी कल्पना आणि पोकळी सोयीस्करपणे भरून टाकणारी कल्पना यांत भेद करणे, हे समीक्षेचे काम आहे.

४

फुले यांच्या अर्पणपत्रिकेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले, की प्रथम अस्वस्थता जाणवते. 'बिलव्हेड' मृत गुलामांना अर्पण आहे. 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सत्प्रवृत्त लोकांना. वर सांगितलेल्या तीन वाक्यांपैकी पहिलेच वाक्य येथे आहे. इतकेच नव्हे, तर देशबांधवांनी आपल्या शूद्र बांधवांना मुक्त करावे, या अपेक्षेतही शूद्र हा कर्माच्या जागी राहतो. ज्या वर्षी ही कृतज्ञता व्यक्त झाली त्याच वर्षी कोलफॅक्स घडत होते, हे लक्षात घेता ही अर्पणपत्रिका दूरवरून पाहिलेल्या, अपुऱ्या माहितीवर उभारलेल्या मुक्तिकथेची साक्ष ठरते, असे म्हणता येईल.

हे वाचन चूक नाही, पण अपुरे आहे. अर्पणपत्रिकेत अमेरिकेचे उदाहरण 'कित्ता' म्हणून येते. कित्ता पूजेसाठी नसतो, गिरविण्यासाठी असतो. आणि गिरविताना अक्षर दुसऱ्याचे असले तरी हात शिकणाऱ्याचा असतो. डग्लस यांचे भाषण आणि फुले यांची अर्पणपत्रिका यांतील भेद येथे आहे. डग्लस यांच्यापुढे दाता समोर बसला होता, म्हणून कृतज्ञतेची मर्यादा सांगणे हाच स्वातंत्र्याचा मार्ग होता. फुले यांचे आभार ज्यांना आहेत ते समोर नाहीत. समोर आहेत ते पुण्यातील उच्चवर्णीय, आणि त्यांना हे आभार आरोपासारखे ऐकू जावेत अशी ती योजना आहे. परक्यांनी परक्यांसाठी जे केले ते तुम्ही आपल्यांसाठी केले नाही, असे ही स्तुती सुचविते.

याहून महत्त्वाचे म्हणजे अर्पणपत्रिकेचे व्याकरण पुस्तकात टिकत नाही. 'गुलामगिरी'चा मुख्य भाग जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे. धोंडीबा हा गुडघे टेकलेला याचक नाही. तो शंका काढतो, दाखले मागतो, पुराणकथेची उलटतपासणी चालू ठेवतो. अवतारकथांची जी पुनर्मांडणी येथे होते तिच्या तपशिलांना आजच्या इतिहासशास्त्राची मान्यता मिळणार नाही, परंतु तिचे कथनकार्य स्पष्ट आहे : विजेत्यांनी सांगितलेल्या कथेतील कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करणे. अर्पणपत्रिका आणि संवाद यांतील ही विसंगती हा संहितेचा दोष मानू नये. मुक्ती मागण्याची भाषा आणि मुक्ती घेण्याची भाषा यांच्या सांध्यावर ती उभी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, हे या सांध्याचेच दुसरे टोक होय.

पुढील शंभर वर्षांत मराठी प्रदेशातून अमेरिकेकडे गेलेल्या हाकेचा पत्ता बदलत गेला. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढील कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागण्यासाठी पत्र लिहिले ते ड्यू बॉइस यांना, म्हणजे तिसऱ्या वाक्याच्या प्रवक्त्याला. आंबेडकरांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली ती त्यांतील फरक स्पष्ट करण्यासाठी. कायद्याने गुलाम बाळगण्यास मुभा दिली तरी सक्ती केली नाही. अस्पृश्यता पाळणे मात्र धर्माने बंधनकारक केले, हा त्यांचा मुद्दा होता. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरकडून घेतले. दात्याकडून सहप्रवाशाकडे आणि सहप्रवाशाकडून लढवय्याकडे असा हा प्रवास आहे. 'गुलामगिरी' या शब्दाचा मराठीतील अर्थविकास त्यातून घडला.

या विकासाची एक किंमतही आहे. रूपक म्हणून हा शब्द इतका समर्थ झाला, की मराठी प्रदेशातील शब्दशः गुलामगिरी त्याच्याआड गेली. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या आणि बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. १८३३ च्या ब्रिटिश कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळण्यात आला होता. येथे गुलामीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या पाचव्या कायद्याने काढून घेण्यात आली. त्या कायद्याने गुलामीवरील हक्क न्यायालयात बजावणे थांबविले. कोणाला मुक्त केल्याची घोषणा त्यात नव्हती, आणि म्हणून त्याची जयंती नाही, पुतळा नाही, वादही नाही. मार्गारेट गार्नरची निदान बातमी झाली होती. दप्तरातील कुणबिणीचे नाव आणि किंमत उरली. तिला 'बिलव्हेड' मिळाली नाही.

गुलामगिरीच्या स्मरणाविषयीचे वाद पुतळे ठेवावेत की हलवावेत, या प्रश्नापाशी थांबले तर त्यांचा गाभा हातचा निसटतो. प्रत्येक स्मारकाला, फलकाला, कादंबरीला आणि अर्पणपत्रिकेला तीन प्रश्न विचारले पाहिजेत : या वाक्याचा कर्ता कोण, हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, आणि त्याचा पूर्णविराम कोणी दिला. कोलफॅक्सच्या जुन्या फलकाने पूर्णविराम दिला, म्हणून तो काढावा लागला. मॉरिसन यांनी तो नाकारला. फुले यांनी दुसऱ्या देशातील पूर्णविराम उचलून आपल्या समाजाच्या वाक्यात प्रश्नचिन्हासारखा वापरला. त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मराठी साहित्याने गेल्या दीडशे वर्षांत लिहिले आहे. उरलेले अर्धे दप्तरातील कुणबिणीपाशी आहे.